पटावरचं नाव

रविवार, २५ फेब्रुवारी १९७९

दुसऱ्या चढावर गोमाजीने ट्रंक डोक्यावरून उतरवली, चुंबळ झटकली आणि विचारलं, गुरुजी, या खेपेला दगड भरलेत काय? पुस्तकं आहेत, मी म्हणालो. मंग दगडच की, म्हणाला आणि त्याने विडी पेटवली.

मी हसलो. आज कशालाही हसू येत होतं. पाच वर्षं नाव नोंदवून वाट पाहिली. नेमणुकीचा हुकूम गुरुवारी आमच्या वाडीत पोचला, तोही भिजून सुकलेल्या पाकिटात. तारीख महिन्यापूर्वीची. आमची वाडी तुडीलच्या पलीकडे, सावित्रीच्या काठाला. तिथे टपाल असंच येतं. आईने हुकूम हातात घेतला आणि बराच वेळ धरून बसली. तिला वाचता येत नाही. जानू, यात तुझं नाव कुठं हाय, असं तिने विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं: सहदेव काशीराम हाटे. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि कागद परत दिला. घरात मी जानू, कागदावर सहदेव. आमच्याकडे बऱ्याच जणांना अशी दोन नावं असतात.

नेमणुकीची ही वाडी कुडपणच्या पठारापलीकडे आहे. पंधरा घरं. म्हशी, शेळ्या, झाडांवर रचलेले गवताचे भारे. शाळा म्हणजे एक कौलारू खोली, आणि कुडाच्या भिंतीआड गुरुजींची राहायची जागा. जमीन ताजी सारवलेली. फळ्यावर कालची, शनिवारची तारीख होती. अक्षर वळणदार, बरंचसं माझ्यासारखं. अध्यापक विद्यालयात सगळ्यांना एकच वळण लावतात. आधीचे गुरुजी नीटनेटके असणार. दोरीवर त्यांचा सदरा राहून गेला आहे. ओला आहे.

समोरच्या घरातून बयाबाईने नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी पाठवली. माझी जात विचारली नाही. हाटे म्हटल्यावर विचारावी लागत नाही, पण ऐकणाऱ्याचा चेहरा थोडा बदलतो. तिचा बदलला नाही. हेही बरं वाटलं.

ही वही नोकरीसाठी म्हणून घेतली. रोज लिहायचं.

सोमवार, २६ फेब्रुवारी

पट बावीस, हजर वीस. पाढे म्हणून घेतले. तेरापर्यंत बिनचूक. कोणी शिकवले विचारलं तर अख्खा वर्ग हसला. तुमीच की गुरुजी.

मस्टर उघडला. पहिल्या फेब्रुवारीपासून रोजची सही आहे. नाव सहदेव काशीराम हाटे. सही स. का. हाटे. प्रत्येक सहीची शाई फुटलेली, कागद ओला असताना केल्यासारखी.

बयाबाईचा नवरा रायबा वाडीतला जाणता माणूस. त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, पयल्या तारखेला आलात तुमी. हातात पिशवी पन नाय, अंगावरचे कपडे चिंब. पाऊस नाय, काय नाय. मी घोंगडी दिली. परवा म्हणालात, सामान घेऊन येतो. आलात. आता आनखी काय पायजे?

तो मी नव्हतो, असं सांगितलं. रायबाने बयाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, चढताना ऊन लागलं असंल, ताक देते.

ताक प्यालो. संताप आला होता, पण ताकाला नाही म्हणवलं नाही.

उघड आहे. कोणीतरी माझा हुकूम वाटेत फोडला, त्यावर महिनाभर नोकरी केली आणि मी येतो आहे असं कळताच पळाला. नोकरीसाठी माणसं काय वाटेल ते करतात. बुधवारी खाली कचेरीत जातो.

बुधवार, २८ फेब्रुवारी

आस्थापनेचे कारकून मान वर न करता म्हणाले, काय हाटे, शुक्रवारी तर येऊन गेलात, आज काय राहिलं?

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी पान चघळत ऐकलं. मग फाईल काढली. माझा रुजू अहवाल. मॅट्रिकचा, पदविकेचा, शाळा सोडल्याचा, असे तिन्ही दाखले, सहीशिक्क्यासह साक्षांकित प्रती. मूळ दाखले माझ्या ट्रंकेत आहेत.

ते म्हणाले, तुम्ही एक तारखेला रुजू झालात. रुजू झालेला माणूस पुन्हा कसा रुजू होणार?

तो दुसरा कोणी आहे.

त्याचं नाव?

ठाऊक नाही.

मग तक्रार कोणाविरुद्ध घेऊ?

सहदेव हाटेविरुद्ध.

आणि तक्रारदार?

त्यांनी पेन टोपणात घातलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. त्यातला एक म्हणाला, हाटे, चहा घ्या आणि यंदा लग्न उरका.

साहेब दौऱ्यावर आहेत. पुन्हा या म्हणाले. या गडबडीत एस.टी. चुकली. आज इथेच.

शुक्रवार, २ मार्च

मस्टरवर अठ्ठावीस आणि एक तारखेच्या सह्या झालेल्या आहेत. मुलं दोन अंकी गुणाकार शिकली आहेत. मी तो धडा पुढच्या आठवड्यात घेणार होतो. खोलीतली चटई ओली होती. उन्हात टाकली.

दुपारी पाणवठ्यावर गेलो. कळशी खाली ठेवली आणि बाजूला उभा राहिलो, कोणी बाई येईल आणि घालेल म्हणून. ही सवय आहे. वडिलांनी तळ्याच्या गोष्टी सांगत मला वाढवलं. वीस मार्चला खांद्यावर बसवून महाडला न्यायचे. तरी नव्या गावात पाण्यापाशी मी असाच उभा राहतो.

वरच्या घरातली विठाबाई आली आणि हसत सुटली. काल तर तुमीच उतरलात, गुडघाभर पान्यात उभं राहून कळशी भरलीत. आज काय नवरीवानी लाजता?

कोणी काही म्हणालं नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, रायबा तोंड उघडनार होता. पन तुमी वर बघितलंच नाय. आमी पन गप ऱ्हायलो.

मी माझी कळशी स्वतः भरली नाही. तिनेच भरून दिली.

तो माझं नाव घेऊन माझ्यापेक्षा ताठ चालतो. हे चोरीपेक्षा जास्त झोंबतं.

शनिवार, १० मार्च

आठवडाभर वाडी सोडली नाही. मस्टरवर फक्त माझ्या सह्या. म्हणजे मी खाली उतरलो की तो येतो. म्हणजे त्याला कोणीतरी कळवतं. खालून वर ये-जा करणारा एक गोमाजीच आहे. त्याला सरळ विचारलं. तो दुखावला. म्हणाला, गुरुजी, सकाळी खांद्यावर हात टाकून बोलता आन दुपारी भांडायला येता. आमी कुनाचं खरं धरायचं?

आज सकाळी मी गोमाजीला भेटलो नव्हतो.

मंगळवार, १३ मार्च

मूळ दाखले घेऊन पुन्हा कचेरी. साहेब पुन्हा दौऱ्यावर. या खेपेला कारकुनांनी सेवापुस्तक काढलं. जन्मतारीख १ जून १९५१. गावाकडच्या सगळ्यांची एक जूनच असते. गुरुजी विचारतात, कधीचा? आई म्हणते, पावसाच्या आधीचा. गुरुजी एक जून लिहून टाकतात.

त्याखाली ओळखीची खूण: उजव्या तळहातावर भाजल्याचा जुना व्रण.

कारकुनांनी माझा हात ओढून उलटा केला. तळहात साफ. खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. या वेळी शेजारचे हसले नाहीत.

दाखले कोणालाही उचलता येतात, ते म्हणाले. हातावरची खूण कशी उचलणार? त्यांचा आवाज बदलला होता. मला अहो-जाहो करत होते, पण हाटे म्हणत नव्हते. शेवटी म्हणाले, तुम्हाला जन्मापासून ओळखणारं माणूस इथे आणून उभं करा.

म्हणजे आता चोर मी.

ठीक आहे. आई दर वर्षी वीस तारखेला महाडला तळ्यावर येते. तिथून तिला तशीच कचेरीत नेतो. मुलगा कोणाचा हे आईपेक्षा जास्त कोणाला माहीत? एका वाक्यात संपेल हे.

शुक्रवार, १६ मार्च

काल मस्टर पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली कडदोऱ्याला बांधली. सकाळी पेटी उघडली तर आजची सही झालेली होती. शाई बोटाला लागली.

रागाने त्याखाली मीही सही केली. एका चौकटीत दोन सह्या. बराच वेळ पाहत बसलो. दोन्ही माझ्याच. वरची जास्त खरी वाटते.

सोमवार, १९ मार्च

बयाबाईने आज ताट वाढलं नाही. म्हणाली, आत्ता तर जेवून गेलात, पोटात खड्डा हाय काय? उंबऱ्यावर ओल्या पावलांचे ठसे होते. माझ्या मापाचे. मी पाय ठेवून पाहिला.

उद्या महाड. उद्या सुटेल.

मंगळवार, २० मार्च, महाड

तळ्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या. आई पायरीवर बसली होती, शेजारी आमच्या वाडीची गीताबाई. मला पाहून गीताबाई म्हणाली, अरे मास्तर, आत्ता तर हितनं उठून गेलास, कापडं कवा बदललीस?

मी आईला म्हणालो, ऊठ, कचेरीत चल. हा माझा सहदेव, एवढं एकच वाक्य बोलायचं आहे. ती उठली नाही. तिने माझा उजवा हात घेतला आणि उलटा केला, कारकुनांनी केला तसाच. मग बोलली. हळू, पण न थांबता.

सहदेव माझ्या आधीचा. रांगता असताना त्याने चुलीतला निखारा मुठीत धरला होता. सत्तावन्न सालच्या जूनमध्ये त्याला पहिलीत घातलं. श्रावणात सावित्रीला पूर आला, त्यात गेला. अंग सापडलं नाही. वाडीची शाळा तेव्हा नवी होती, पट मोजून वीस. एक नाव कमी झालं असतं तर शाळा उठली असती. गुरुजी घरी आले, दारात बसून रडले आणि म्हणाले, मी नाव खोडत नाही. धाकट्याला पाठवा. सहदेव हाटे म्हटलं की हजर म्हणायचं, एवढं त्याला शिकवा.

मी चार वर्षांचा होतो.

माझ्या आधीचा एक नदीत गेला हे मला माहीत होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वर्गात मी नेहमी सगळ्यांत लहानखुरा असायचो. तेही का, हे विचारलं नाही.

आई म्हणाली, त्या नावावर शाळा टिकली. वाडीतली समदी पोरं शिकली. तू पन शिकलास.

मी विचारलं, मग जानूचा जन्म कुठे लिहिलेला आहे?

ती म्हणाली, कुठंच नाय रे.

सकाळी तो येऊन तिच्या शेजारी बसला होता. काही बोलला का? नाय. नुसता हात हातात दिला. थंडगार होता. तिने व्रणावरून बोट फिरवून पाहिलं.

आई, बावीस वर्षं झाली त्याला जाऊन, मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या. तिने माझी पाठ थोपटली, लहान मुलाची थोपटतात तशी.

त्याचं त्याला दे, जानू, ती म्हणाली. लय दिस वापरलंस.

मी नीट पाहिलं. ती रडत नव्हती. इतकी निवांत मी तिला कधी पाहिलेली नाही.

कचेरीत गेलो नाही. तिथे ती काय सांगणार होती? खरं सांगितलं असतं.

बुधवार, २१ मार्च

चढावर गोमाजी भेटला. कुनाकडं निघालात पावनं, असं विचारलं. शाळेत, मी म्हणालो. जा जा, गुरुजी वरच हायत, म्हणाला.

बयाबाईच्या अंगणात पाणी मागितलं. ती तांब्या घेऊन आली. थांबली. कुनापैकी तुमी, म्हणाली.

पहिल्या रविवारी सांगावं न लागलेलं आज सांगता आलं नाही. सहदेव म्हणवेना. जानू म्हटलं तर कोण जानू— तिने लांबूनच, वरून ओंजळीत पाणी घातलं. प्यालो. हात पाहिले. कोरडेच होते.

खोलीत माझी ट्रंक आहे. तिच्यावर तो ओला सदरा वाळत घातलेला. दाखले आत असतील. काढले नाहीत. कोणाचे म्हणून काढू?

गुरुवार, २२ मार्च

सकाळ. कुडामागे बसलो आहे. बाहेर धुकं, समोरचं घर दिसत नाही.

एकच मार्ग आहे. खरं ते अर्जात लिहायचं. नोकरी जाईल. मॅट्रिक जाईल, पदविका जाईल. आमच्या वाडीच्या गुरुजींना लोक खोटं म्हणतील, ते आता नाहीत. तरी लिहायचं. निदान जानू नावाचा एक कागद तरी—

पलीकडे मुलं आली. पाट्या ठेवल्या. उभी राहिली. कोणाला तरी नमस्कार केला.

अर्ज करतो की, मी सहदेव काशीराम हाटे नसून माझं नाव जानू असं आहे. सदर नाव कोणत्याही पटावर नसल्याने— पुरावा म्हणून— पुरावा नाही. तरी विनंती की—

खाली सही. कोणत्या नावाने? जानूची सही मी जन्मात कधी केलेली नाही.

हजेरी सुरू झाली. आवाज माझा आहे. मुलं हजर म्हणतात, एकामागून एक, मी शिकवलं तसं. त्याने शिकवलं तसं.

कुडाखालून पाणी येतं आहे. सारवण काळं पडतंय. पाय वर घेतले.

बावीस झाले. थांबला नाही. आणखी एक नाव—

जानू काशीराम हाटे, म्हणाला. कोणी पहिल्यांदाच हे नाव असं पूर्ण—

पुन्हा म्हणाला. मुलं इकडे बघत असणार. उत्तर मला येतं. चार वर्षांचा असताना तेवढंच शिकवलं होतं. तोंडापर्यंत आलं आहे. म्हटलं तर मी—

शुक्रवार, २३ मार्च

सकाळी शाळा वेळेवर भरवली. धुकं गेलं होतं. या वहीचा कागदही ओला आहे, शाई फुटते. पट तेवीस, हजर बावीस. काल पहिलीत एक नाव नवीन घातलं: जानू काशीराम हाटे, जन्मतारीख एक जून. तो गैरहजर. नाव खोडलेलं नाही.